सुकतीच्या उलट

छोट्या रबरी बोटीला कुठलं इंजिन घ्यावं, असं कुणी विचारलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, किती हॉर्सपॉवरचं? आमच्या घरातही चर्चा तिथूनच सुरू झाली. दादाने सहाचा आकडा टाकला, मी अडीचवर अडून बसले, वहिनीने बॅटरीच्या मोटारीचं नाव काढलं आणि बरेच रविवार त्याच विषयात गेले. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं. हॉर्सपॉवरचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो. पाणी कुठलं, परत यायचं कुठून, इंजिन उचलणार कोण आणि बंद पडलं तर उघडणार कोण, एवढं आधी ठरवावं. मग आकड्यावर वाद घालायला फारसं काही उरत नाही.

आमची बोट २.७ मीटर लांबीची, पीव्हीसीची. तळाला लाकडी फळ्या नाहीत, हवेचाच तळ आहे. आतून दाट धाग्यांनी शिवलेला असल्यामुळे हवा भरली की तो तक्तपोशीसारखा ताठ होतो. घडी घातली की अख्खी बोट गाडीच्या डिकीत मावते. ती घेतली ती गोव्यातल्या शापोरा नदीसाठी. शिवोलीच्या बाजूने पाण्यात उतरायचं, खारफुटीच्या कडेकडेने कामुर्लीकडे वर जायचं, खंड्या आणि बगळे बघायचे, कामुर्ली–तुये फेरीबोट ओलांडून थोडं पुढे थांबायचं आणि परत फिरायचं. कधी चोपड्याच्या पुलाखालून मोरजीच्या दिशेने खाली. वल्ही मारत हे सगळं होतं, पण वल्ह्यांवर भरवसा ठेवून दोन माणसं आणि एक पोर घेऊन निघालं की परतीचा विचार आधी करावा लागतो.

शापोरा तिलारीचं पाणी घेऊन सह्याद्रीतून खाली येते. पण गोव्यात शिरल्यावर बऱ्याच अंतरापर्यंत ती समुद्राच्या तालावर चालते. आपल्या सगळ्याच नद्यांचं तसं आहे. मांडवीत तर भरतीचं पाणी मुखापासून आत जवळजवळ ५० किलोमीटर, गांजेपर्यंत जाणवतं. उधाणाला पाण्याच्या पातळीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो आणि एवढं सगळं पाणी सहा तासांत नदीच्या त्याच चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडायचं असतं. रुंद पात्रात ते संथ दिसतं. पुलाच्या खांबांपाशी उभं राहून बघावं. खांबाच्या एका अंगाला पाणी चढलेलं, दुसऱ्या अंगाला भोवरा आणि त्यातून वाहत जाणारी पिवळी पानं. मी काठावरून त्या पानांबरोबर चालून पाहिलं आहे. उधाणाच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पानं माझ्याबरोबर राहतात, जराही मागे पडत नाहीत.

हे पाहायला मला सांगितलं ते गाबीतवाड्यावरच्या आबांनी. आयुष्य नदीत आणि नदीच्या तोंडावर गेलेला माणूस. मी त्यांना विचारलं होतं, आबा, आमच्या बोटीला मशीन कुठलं घेऊ? ते जाळं विणत होते, मान वर न करता म्हणाले, "बाय, पयलीं सुकती पळय, मागीर मशीन." म्हणजे आधी सुकती बघ, मग मशीन. आणि मग त्यांनी तिथीचा हिशेब समजावला. तो कोकणभर चालतो, पण शाळेत कुणी शिकवत नाही म्हणून इथे लिहून ठेवते. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पुढची भरती त्यानंतर साडेबारा तासांच्या आत-बाहेर, मधे सुकती. हिशेब ढोबळ आहे, नदीत वर जावं तसा थोडा उशीर धरावा लागतो, पण भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यांशी तो चांगला जुळतो. आणि ओढ किती असेल तेही तिथीच सांगते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी.

आता यात इंजिन कसं बसतं ते बघू. पाणी कापत चालणाऱ्या कुठल्याही बोटीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्यात बुडालेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, १.३४ ने गुणायचं, की ती मर्यादा नॉटमध्ये मिळते. आमच्या बोटीची पाण्यातली लांबी आठ फूट धरली तर उत्तर येतं पावणेचार नॉट, म्हणजे ताशी सात किलोमीटर. अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन दोन माणसांना घेऊन शांत पाण्यात या मर्यादेपर्यंत पोचतं. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते, नाक वर येतं, शेपटी बसते, आवाज वाढतो आणि वेग तिथेच राहतो.

समोरून दोन नॉटची सुकती आहे असं धरा. हातात उरतात पावणेदोन. दुपारचा वारा आणि त्याने उठवलेल्या लाटा आणखी पाऊण नॉट खातील. उरला एक नॉट, तासाला जेमतेम १.८५ किलोमीटर. घर तीन किलोमीटरवर असेल तर दीड तासाहून जास्त वेळ पूर्ण ताकदीवर इंजिन चालवायचं. आणि या वर्गातल्या इंजिनांच्या डोक्यावरच्या टाकीत मावतं साधारण एक लिटर पेट्रोल, पूर्ण ताकदीवर जेमतेम तासभराचं. म्हणजे वाहत्या पाण्यात, हलत्या बोटीत, गरम इंजिनाच्या टाकीचं झाकण उघडून पेट्रोल ओतायची वेळ येणार. आकडा निवडण्याआधी हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या नदीसाठी करावा. जाताना सगळीच इंजिनं पुरतात.

दादाचं म्हणणं याच हिशेबावर उभं होतं. तो म्हणाला, "मग सहाचं घे ना बाय, बोट पाण्यावर उचलेल आणि पंधरा मिनिटांत घरी." बोट पाण्यावर उचलणं, म्हणजे पाणी कापणं सोडून पाण्याच्या पाठीवरून सरकत जाणं, ही खरंच वेगळी अवस्था आहे. तिथे लांबीची मर्यादा लागू राहत नाही. पण त्यासाठी वजन आणि ताकद यांचं प्रमाण साधावं लागतं. दर हॉर्सपॉवरमागे वीसेक किलोच्या आत एकूण वजन राहिलं तर बोट सहज उचलते, पंचविसाच्या पुढे गेलं की धडपडते. आमची बोट ३० किलो, इंजिन २६, दोन मोठी माणसं १३०, नांगर-पाणी-डबे २०. बेरीज २०६. सहाने भागलं तर ३४ येतात. बोट उचलणार नाही. एकटा माणूस, तोही हलका, असेल तर काठावर जमेल. तळ हवेचा असल्याने तो थोडा वाकतो, त्यामुळे तेही अवघडच. आणि दोन माणसांना घेऊन बोट उचलणार नसेल तर सहाचं इंजिनही त्याच पावणेचार-चार नॉटच्या आसपास अडकतं. वाऱ्यात आणि ओझ्यात ते वेग टिकवून धरतं, हा त्याचा खरा फायदा. तो छोटा नाही, पण पंधरा मिनिटांत घरी नेणारा तो फायदा नव्हे.

दादा चारवर यायला तयार झाला तेव्हा मला एक गोष्ट कळली होती, जी विकत घेणाऱ्याने आधी समजून घ्यायला हवी. बहुतेक कंपन्यांची चार, पाच आणि सहा हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक इंजिनं मुळात एकच असतात. सिलिंडर तोच, आकारमान तेच, १२० ते १४० सीसीच्या दरम्यान, वजनही तेच, २४ ते २७ किलो. फरक बऱ्याचदा कार्ब्युरेटरमध्ये आणि हवा-इंधनाच्या वाटा किती रुंद ठेवल्या आहेत त्यात असतो. म्हणजे सहावरून चारवर उतरलं तरी एक किलोसुद्धा कमी होत नाही. खरी पायरी त्याच्या खाली आहे. २.३ ते ३.५ हॉर्सपॉवरचा जो वर्ग आहे, त्यात वजन १३ ते १८ किलोंवर येतं. निवड या दोन वर्गांमधली असते. वरच्या वर्गात जायचंच असेल तर आणि बोटीवर लिहिलेल्या मर्यादेत बसत असेल तर सहाच घ्यावं. चार घेण्यात मला तरी काही अर्थ दिसला नाही.

दहा-बारा किलोंच्या फरकाने काय होतं, असं खोलीत बसून वाटतं. आमच्या उतरायच्या जागी पक्का धक्का नाही. सुकती लागली की काठाचा चिखल उघडा पडतो. तो गुडघ्याच्या खालपर्यंत पाय ओढून घेतो आणि त्यात खारफुटीची मुळं टोकं वर करून उभी असतात. इंजिन दोन्ही हातांत असल्यामुळे तोल सावरायला हात मोकळा नसतो. १३ किलोंचं इंजिन मी एका हाताने दांडीला धरून, दुसरा हात बोटीवर टेकून नेऊ शकते. २६ किलोंचं नेता येत नाही, माणूस शोधावा लागतो. माणूस शोधावा लागला की इंजिन घरीच राहतं आणि बोटही. आमच्या घरात बोट सगळ्यात जास्त बाहेर काढणारी मी आहे, म्हणून हा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात वरचा होता. वर्षातून एकदा चार मित्र जमवून बाहेर पडणाऱ्याला तो खालचा वाटेल आणि त्याचं तसं वाटणंही बरोबरच आहे.

वजनाचा दुसरा जाच बोटीला होतो. मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात, ती दोन्ही बाजूंच्या नळ्यांना चिकटवलेली असते. पीव्हीसीचा सांधा आणि गोव्याचं ऊन यांचं पटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात ठेवलेल्या बोटीच्या फळीजवळचा सांधा बोटाने दाबून बघितला तर कडेला गोंदाची पिवळसर रेघ सुटलेली दिसते. जड इंजिन लाटेवर आदळत गेलं की प्रत्येक झटका त्या रेघेवर बसतो. हायपलॉनचं कापड ऊन आणि पेट्रोल जास्त सोसतं, पण त्याची किंमतही तशीच. पीव्हीसीवाल्याने इंजिन हलकं ठेवावं आणि काम झालं की फळीवरून काढून बोट सावलीत न्यावी.

धक्क्यांवर जुनी इंजिनं विकायला असतात. किंमत ऐकून मोह होतो. पण आधी त्याची दांडी, म्हणजे पंख्यापर्यंत खाली जाणारा भाग, मोजावी. लहान बोटींसाठी दांडीची दोन मापं असतात, १५ इंच आणि २० इंच. मच्छीमारांच्या होड्यांची मागची बाजू उंच असते म्हणून त्यांच्याकडे लांब दांडीची इंजिनं जास्त. आपल्या रबरी बोटीची फळी १५ इंचांच्या मापाची. लांब दांडी तिच्यावर लावली की पंखा पाच इंच जास्त खाली जातो आणि शापोऱ्यासारख्या उथळ, वाळूच्या पट्ट्या सरकत राहणाऱ्या नदीत ते पाच इंच फार महाग पडतात. बरोबर बसलं की नाही ते ओळखायची खूण सोपी आहे. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते. ती बोटीच्या तळाशी समपातळीत किंवा त्याखाली इंचभर असावी. त्याहून वर गेली तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं किंचाळतं.

फोर-स्ट्रोक की टू-स्ट्रोक, हा वाद धक्क्यावर निघाला की संध्याकाळ जाते. टू-स्ट्रोक हलकं, कमी भागांचं, कुठल्याही गावात उघडून दुरुस्त होणारं. दर्यावर पोट असलेल्या माणसाने ते वापरलं तर त्याला बोलायचा मला अधिकार नाही. पण मी हौशीने नदीत जाणारी. जुन्या धाटणीचं टू-स्ट्रोक आपल्या इंधनाचा मोठा हिस्सा न जाळता धुराबरोबर पाण्यात सोडतं आणि मागे तेलाचा इंद्रधनुषी तवंग राहतो. त्याच पाण्यातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, बायका सुकतीला चिखलात बसून काढतात आणि संध्याकाळी आम्ही त्यांचं सुकं करून खातो. माझ्यासाठी विषय तिथेच संपला. फोर-स्ट्रोक घ्यायचं तर एवढं लक्षात ठेवावं की त्याच्या पोटात तेल असतं, म्हणून ते गाडीत आडवं ठेवताना पुस्तिकेत दाखवलेल्या बाजूवरच ठेवायचं. उलट्या बाजूवर ठेवलं तर तेल सिलिंडरमध्ये शिरतं.

बहुतेक आउटबोर्ड, म्हणजे फळीवर अडकवायची ही इंजिनं, नदीचंच पाणी आत ओढून थंड होतात. खाली एक रबरी पाकळ्यांचं चाक असतं, ते पाणी वर ढकलतं आणि मागून एक बारीक धार बाहेर पडत राहते. ती धार म्हणजे इंजिनाची नाडी. दर थोड्या वेळाने मान वळवून ती बघायची. गढूळ पाण्यात, वाळूत रबराच्या पाकळ्या झिजतात, प्लास्टिकची पिशवी जाळीवर बसते, धार बारीक होते, थांबते आणि काही मिनिटांत इंजिन तापतं. घरी आल्यावर पिंपात विहिरीचं गोडं पाणी भरून इंजिन त्यात दहा मिनिटं चालवलं की आतलं मीठ धुऊन जातं. खाऱ्या पाण्यातून आलेल्या इंजिनाला याला पर्याय नाही. होंडाचं २.३ हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन मात्र हवेवर थंड होतं. त्यात हे चाकच नाही, चिखल ओढायचा प्रश्न नाही. आमच्यासारख्या नदीत हा गुण फार मोलाचा आहे, पण त्याचा आवाज जास्त आणि मला पक्षी बघायचे असतात. मी पाण्यावर थंड होणारं घ्यायचं ठरवलं आणि जादा रबरी चाक पहिल्याच दिवशी घेऊन ठेवलं.

इंधनाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. पंपावर आता मिळतं ते पेट्रोल ई-२०, त्यात २० टक्के इथेनॉल. आउटबोर्डच्या बहुतेक पुस्तिकांत मुभा असते १० टक्क्यांपर्यंत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गोव्याच्या हवेत त्याला ओढायला पाणी भरपूर. म्हापशाला एका मेकॅनिककडे मी एका इंजिनाचा कार्ब्युरेटर उघडताना पाहिला. पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून उभं केलेलं इंजिन होतं. त्याने खालची छोटी वाटी काढून माझ्यापुढे धरली. तळाशी पाण्याचा एक वेगळा थर, त्यावर पेट्रोल, कडेला अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी आणि मधल्या पितळी जेटचं सुईएवढं भोक हिरव्या-तपकिरी राळेने बुजलेलं. त्याने ते भोक उजेडाकडे धरून दाखवलं, आरपार काहीच दिसत नव्हतं. लहान इंजिनाचं सगळं जगणं त्या भोकातून चालतं. मोठ्या इंजिनाची भोकं मोठी, ती थोडीफार घाण गिळतात. अडीचवालं गिळत नाही. तेव्हा लहान इंजिन घेणाऱ्याने ई-२० चालेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं. पेट्रोल त्या फेरीपुरतंच भरावं, गाळून भरावं. शेवटी इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं आणि वाटीचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढावेत.

हे सगळं ऐकून वहिनी म्हणाली होती, मग बॅटरीचीच मोटार का नको? तिचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो सोडून दिलेला नाही. एक किलोवॅटची मोटार आणि एक किलोवॅट-तासाची बॅटरी घेतली तर पूर्ण ताकदीवर तासभर चालते. वेग निम्मा केला की लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्श्यावर येते, म्हणून रमतगमत कित्येक तास निघतात. धूर नाही, तेल नाही, दोरी ओढायची नाही. चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यासारख्या ठिकाणी, जिथे पावणेदोन चौरस किलोमीटरच्या खारफुटीत पाण्याची वाट झाडांच्या मधून जाते, तिथे पेट्रोल इंजिनाचा आवाज मला तरी सहन होत नाही. अडचण एकच, सुकती. संपलेली टाकी डब्यातून भरता येते, संपलेली बॅटरी पाण्यात भरता येत नाही. शापोऱ्यात सुकतीच्या उलट दीड तास पूर्ण ताकदीवर यायची वेळ आली तर एक बॅटरी अर्ध्या वाटेवर सोडते, आणि दुसरी घ्यायची तर किंमत इंजिनाच्या पुढे जाते. मांडवीच्या आतल्या शांत फाट्यांत जाणाऱ्याने मात्र पहिला विचार बॅटरीचाच करावा.

शेवटी मी अडीचच घेतलं. दादाने मान्य केलं ते माझ्या वजनाच्या मुद्द्यामुळे नव्हे, आबांच्या तिथीमुळे. एकादशी-द्वादशीला पूर्ण भरती सव्वाआठ-नऊच्या सुमाराला. उजाडताना निघालो तर चढती भरती आपल्याला कामुर्लीकडे वर नेते, वर पोचून घटकाभर थांबायचं आणि सुकती लागली की तिच्याबरोबरच खाली यायचं. दोन्ही वेळा पाणी आपल्या बाजूला. दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. तो सुकतीच्या तोंडावर आदळून नदीमुखाशी आखूड, उभ्या लाटा उठवतो, तेव्हा आपण घरी. पूर्वी पावसाळ्यात आग्वादच्या वाळूच्या पट्टीमुळे मांडवीचं तोंड बंद झालं की खनिजाचे मोठाले बार्जसुद्धा कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळून झुवारीत उतरत. एवढी ताकद असलेले पाण्याशी झगडत नव्हते, तर आम्ही कशाला झगडायचं? उलट सुकतीतून यायची वेळ क्वचितच यावी, आणि आली तर अडीच हॉर्सपॉवर, दोन लिटर जादा पेट्रोल, वल्ही आणि ओढीत धरून ठेवेल असा नांगर एवढ्यावर निभावावं, असा हा हिशेब. तीन मोठी माणसं घेऊन मांडवीच्या तोंडाशी किंवा झुवारीच्या रुंद पात्रात जाणाऱ्याला मी अडीच घे असं कधीच सांगणार नाही. त्याने साडेतीन मीटरची, कडक तळाची बोट घ्यावी आणि इंजिन दहाच्या आसपासचं.

तीन गोष्टी वेगाने सांगते. बोटीच्या फळीवर एक पट्टी असते, तिच्यावर जास्तीत जास्त हॉर्सपॉवर, माणसं आणि वजन लिहिलेलं असतं, त्याच्या पुढे जायचं नाही. मोटार लावली की बोट यांत्रिक नौका ठरते, १९१७च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी बंदर कप्तान खात्यात जाऊन नोंदणीचं विचारून घ्यावं. आणि इंजिनाबरोबर येणारी लाल गुंडाळीची दोरी मनगटाला अडकवल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. रबरी बोटीत आपण नळीच्या काठावर बसतो, एका लाटेने माणूस बाहेर पडू शकतो आणि मोकळं सुटलेलं इंजिन बोटीला गोल फिरवत पंखा त्याच्याकडेच घेऊन येतं. दोरी निघाली की इंजिन बंद. भाच्याला मी बोटीत बसण्याआधी हे करून दाखवायला लावते, दर वेळी.

खडकांचंही सांगायला हवं. मुखाकडे गेलं की सुकतीला उघडे पडणारे काळे खडक कालवांनी भरलेले असतात. एक कालव हातात घेऊन बघावं. वरची कड पातेल्याच्या काठासारखी गोल दिसते, पण बोट फिरवलं की कळतं, ती पात्यासारखी आहे. पीव्हीसी तिला लागली की फाटतं, आणि फाटतं ते आडवं, लांब. अशा जागी इंजिनाच्या ताकदीपेक्षा त्याचं हळू चालणं कामी येतं. कमीत कमी वेगावर इंजिन न अडखळता किती वेळ फिरतं हे खरेदीच्या वेळी पिंपात चालवून ऐकावं. गिअर पुढे आणि मोकळा असे दोनच, आणि मागे जायला अख्खं इंजिन गोल फिरवायचं, अशी या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांची रचना असते. खडकांमध्ये शिरण्याआधी मोकळ्या पाण्यात ते फिरवणं हाताला बसवून घ्यावं. मी सुरुवातीचे दिवस त्यातच घालवले.

सध्या आमचं इंजिन नवं आहे. पहिले दहा तास त्याला पूर्ण ताकदीवर फार वेळ चालवायचं नसतं. वेग सारखा बदलत ठेवायचा, म्हणजे आतले भाग एकमेकांशी नीट बसतात. मग तेल बदलायचं. दादा टिलर, म्हणजे इंजिन वळवायची मूठ, धरतो तेव्हा मी वहीत मिनिटं लिहिते, मी धरते तेव्हा तो लिहितो. दहा तास पुरे झाले आणि तेल बदललं की पुढच्या द्वादशीला फेरीबोटीच्या पुढे, कोलवाळच्या पुलापर्यंत जायचं ठरलं आहे. आबांना विचारलं, येणार का? ते म्हणाले, येईन, पण मशीन मी बघणार, तू पाणी बघ.